केंब्रिजचा कर्णधार सी. टी. स्टड: क्रिकेट सोडून धर्मकार्याला गेला, ते बरोबर केलं का?

मैदानकर

ॲशेसच्या त्या छोट्या कुपीवर कवितेच्या ओळींचा एक कागद चिकटवलेला आहे. फोटोत सगळ्यांनीच पाहिला असेल. त्यात इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लायच्या पाठोपाठ स्टड हे आडनाव येतं, तेही अनेकवचनात, कारण १८८२-८३ च्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर जॉर्ज आणि चार्ल्स असे दोन स्टड बंधू होते. हा धागा धाकट्या चार्ल्सबद्दल, म्हणजे सी. टी. स्टडबद्दल आहे.

जन्म २ डिसेंबर १८६०. शिक्षण ईटन आणि मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. तीन सख्खे भाऊ लागोपाठ तीन वर्षं केंब्रिजचे कर्णधार होते: १८८२ ला जॉर्ज, १८८३ ला चार्ल्स, १८८४ ला थोरला कायनॅस्टन. १८८२ च्या उन्हाळ्यात केंब्रिजने मर्डॉकच्या ऑस्ट्रेलियन संघाला हरवलं, तेव्हा तिघेही भाऊ संघात होते आणि चार्ल्सने ११८ धावा काढल्या. नंतर लॉर्ड्सवर एमसीसीकडून (मेरिलबोन क्रिकेट क्लब) त्याच संघाविरुद्ध त्याने आणखी एक शतक ठोकलं. १८८२ आणि १८८३ या दोन्ही हंगामांत त्याने हजार धावाही केल्या आणि शंभर बळीही घेतले. तेव्हाच्या ओबडधोबड खेळपट्ट्या डोळ्यांसमोर आणा म्हणजे हे काय काम आहे ते कळेल.

आणि ५ फेब्रुवारी १८८५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हा माणूस चायना इनलँड मिशनचा धर्मप्रचारक म्हणून चीनला निघून गेला. सोबत आणखी सहा तरुण होते. ‘केंब्रिज सेव्हन’ म्हणून ते ओळखले जातात. पुढे वडिलोपार्जित संपत्ती वाटून टाकली, चीननंतर सहा वर्षं उटीला काढली आणि शेवटी बेल्जियन काँगोत १९३१ साली देह ठेवला.

मला स्टडबद्दल मनापासून आदर आहे. तरी दोन प्रश्न सुटत नाहीत. एक, त्या काळात ऑक्सफर्ड-केंब्रिजचे इतके क्रिकेटपटू चर्चकडे का वळले? दोन, स्टडने खेळ सोडला हे योग्य केलं का? दोन्हींवर मोकळेपणाने लिहा.

---

चौथा_चेंडू

ओव्हलचा सामना राहिलाच की! २९ ऑगस्ट १८८२. इंग्लंडला जिंकायला ८५ हव्या होत्या. ३ बाद ५१ वरून सगळे ७७ मध्ये आटोपले. ऑस्ट्रेलिया ७ धावांनी विजयी, त्यांचा गोलंदाज स्पॉफर्थचे सामन्यात ९० धावांत १४ बळी. आणि आपला स्टड? पहिल्या डावात शून्यावर त्रिफळा, दुसऱ्या डावात एकही चेंडू न खेळता नाबाद शून्य.

---

जुना_स्कोअरर

@चौथा_चेंडू, त्या नाबाद शून्याची गोष्ट पुरी सांगायला हवी, नाहीतर दोष भलत्याच्याच माथी जातो.

त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियनांना दोनदा शतकी तडाखा दिलेल्या फलंदाजाला कर्णधार हॉर्नबीने दुसऱ्या डावात दहाव्या क्रमांकावर ठेवलं. स्टड उतरेपर्यंत विकेट धडाधड पडत होत्या. ९ बाद ७५ असताना यॉर्कशरचा टेड पीट आला, तेव्हा दहा धावा हव्या होत्या. समोर स्टड उभा. पीटने बॉइलला एकदा फटकावून दोन धावा काढल्या आणि पुन्हा तसाच दांडपट्टा फिरवताना त्रिफळा उडवून घेतला. षटकं तेव्हा चार चेंडूंची असत, त्यामुळे स्टडला चेंडू खेळायला मिळणं काही फार दूर नव्हतं. परतल्यावर पीट म्हणाला म्हणे की मिस्टर स्टडचा आपल्याला भरवसा वाटला नाही.

यातलं ‘मिस्टर’ महत्त्वाचं. पीट हा पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक, स्टड हा विद्यापीठातला हौशी ‘जंटलमन’. त्या काळच्या वर्गव्यवस्थेत एका व्यावसायिकाने हे बोलून दाखवावं, इतकी त्या दिवशी सगळ्यांची घालमेल झाली होती. स्टड पॅव्हिलियनमध्ये अंगाभोवती कांबळं लपेटून येरझाऱ्या घालत होता असंही सांगतात.

पण बाकीचे आकडेही बघा. एकूण पाच कसोटी, १६० धावा, सरासरी २०. म्हणजे कसोटीत तो मोठा ठरला नाही. त्याचं खरं मोठेपण प्रथम श्रेणीच्या त्या दोन हंगामांत आहे.

---

केतकीचं_बन

मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण हे मस्त चाललंय. वाचतेय.

---

पेन्शनर_पुणेकर

मैदानकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. यात भक्तीइतकाच व्यवस्थेचाही हात आहे.

१८७१ चा कायदा येईपर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली बहुतेक पदं अँग्लिकन चर्चच्या अनुयायांसाठीच राखीव होती. कॉलेजच्या अनेक फेलोंना धर्मदीक्षा घ्यावी लागे, आणि लग्न केलं की फेलोशिप सुटे. मोठ्या सार्वजनिक शाळांचे मुख्याध्यापक जवळपास सगळे दीक्षित पाद्री. म्हणजे सधन घरच्या धाकट्या मुलाला शिक्षकी करायची असो की गावाकडे निवांत राहायचं असो, वाट चर्चमधून जायची. एखाद्या गावच्या चर्चची नेमणूक मिळाली की घर आणि ठरलेलं उत्पन्न आलं.

आणि क्रिकेटला हे फारच सोयीचं होतं! काउंटी सामने तीन दिवसांचे, आठवड्याच्या मधल्या वारी. रविवारी खेळ बंद. पाद्रीबुवांचं मुख्य काम रविवारी. शाळेत शिकवत असतील तर ऑगस्टची सुट्टी अख्खी मोकळी. कित्येक पाद्री तर बिशपच्या कानावर जाऊ नये म्हणून टोपणनावाने खेळत.

त्यात थॉमस अर्नोल्डच्या रग्बी शाळेपासून सुरू झालेला आणि चार्ल्स किंग्जलीसारख्यांनी वाढवलेला विचार भरीला आला: सुदृढ शरीर, सांघिक खेळ आणि ख्रिस्ती चारित्र्य एकच आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा पहिला क्रिकेट सामना १८२७ साली लॉर्ड्सवर भरवला तो चार्ल्स वर्ड्‌सवर्थने, कवी वर्ड्‌सवर्थच्या पुतण्याने. तोच १८२९ च्या पहिल्या बोट रेसमध्येही वल्हवत होता. पुढे स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला. परंपरा तिथपासूनची आहे.

---

चौथा_चेंडू

रविवारी प्रवचन, सोमवारी सलामीला. आपल्याला अशी नोकरी कोणी देतं का बघा!

---

नीलांबरी

पुणेकरकाका, प्रतिसाद आवडला. पण मग एक अडचण आहे. स्टडने ही वाट धरलीच नाही. तो दीक्षित पाद्री कधीच झाला नाही. गावचं चर्च नाही, ठरलेलं उत्पन्न नाही, शाळेची सुट्टी नाही. त्याला व्हिक्टोरियन ‘क्रिकेटर-पाद्री’चा नमुना म्हणून पाहिलं तर चित्र चुकतं.

खरा नमुना हवा असेल तर एडवर्ड लिटल्टन घ्या. १८७८ साली केंब्रिजचा कर्णधार. त्या वर्षी केंब्रिजने आठच्या आठ सामने जिंकले, त्यात ऑस्ट्रेलियनांना लॉर्ड्सवर एक डाव ७२ धावांनी लोळवलं. मिडलसेक्सकडून त्याने ऑस्ट्रेलियनांविरुद्ध ११३ काढल्या आणि त्यांच्याविरुद्ध त्या अख्ख्या दौऱ्यात झालेलं ते एकमेव शतक. फुटबॉलमध्येही इंग्लंडकडून खेळला. मग धर्मदीक्षा, हेलीबरीचा मुख्याध्यापक, आणि १९०५ पासून ईटनचा. ओव्हलच्या त्या सामन्यात यष्टिरक्षक होता तो याचाच भाऊ आल्फ्रेड.

दुसरा नमुना व्हर्नन रॉयल. ऑक्सफर्ड, लँकेशर, १८७९ ला मेलबर्नची एक कसोटी, मग दीक्षा आणि शाळेची मुख्याध्यापकी. कव्हरला असा क्षेत्ररक्षक की यॉर्कशरच्या टॉम एमेटने धावायला निघालेल्या जोडीदाराला ओरडून थांबवलं होतं: अरे थांब, तिथे पोलीस उभा आहे!

---

सह्याद्रीचा_वारा

त्या पोलिसाच्या गोष्टीवर दिवस सार्थकी लागला 😄

लिटल्टनबद्दल असंही सांगतात की कुठल्याही चर्चच्या मधल्या वाटेवरून चालताना तो मनातल्या मनात चेंडू टाकून बघायचा, इथे वळेल की नाही. देवळात गेल्यावर सभामंडपाची फरशी बघून मलाही हेच सुचतं, आणि आई पाठीत धपाटा घालते.

---

मैदानकर

नीलांबरीताई, दीक्षेचा मुद्दा बरोबरच आहे, आणि म्हणूनच मला स्टडचं जास्त वाटतं. सात जणांत दीक्षित पाद्री होऊनच निघालेला विल्यम कॅसल्स होता. तोही केंब्रिजचा, पण फुटबॉलवाला. १८९५ साली तो पश्चिम चीनचा बिशप झाला आणि १९२५ मध्ये तिथेच वारला. स्टॅन्ली स्मिथ हा केंब्रिजच्या नौकेचा स्ट्रोक, म्हणजे वल्ह्यांची लय ठरवणारा. ज्या गुणांचं इंग्लंडला कौतुक होतं ते सगळे या सात जणांत होते. म्हणून तर ४ फेब्रुवारी १८८५ च्या लंडनमधल्या निरोपाच्या सभेला एक्सेटर हॉल खच्चून भरला होता. मार्चमध्ये शांघायला उतरले, चिनी कपडे घातले, शेंडी वाढवली, मिशनचा नियमच तसा होता.

स्टडच्या घरचीही पार्श्वभूमी आहे. वडील एडवर्ड स्टड घोड्यांचे शौकीन. त्यांच्या सॅलमँडर घोड्याने १८६६ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली. १८७५ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक मूडी लंडनला आले. त्यांचं ऐकून एडवर्डनी शर्यती सोडल्या आणि दोन वर्षांत ते गेले. पुढे १८८३ च्या अखेरीस भाऊ जॉर्ज जिवावरच्या दुखण्यात पडला. त्याच्या उशाशी बसून चार्ल्सच्या मनाने घेतलं की मरणाच्या दारात ही कीर्ती काही कामाची नाही. जॉर्ज वाचला. चार्ल्स मात्र पुन्हा पहिल्यासारखा मैदानावर रमला नाही.

---

गंगाकिनारी

घोडे आले कुठून ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी मराठी, पण गेली बरीच वर्षं मुजफ्फरपूरला राहते, त्यामुळे हे माझ्या अंगणातलं आहे.

एडवर्ड स्टडने पैसा केला तो तिरहूतमध्ये. निळीच्या मळ्यांतून. तिरहूत म्हणजे आजचं उत्तर बिहार, चंपारण त्यातच येतं. चार्ल्स जन्मला १८६० साली, आणि १८५९-६० मध्ये शेजारच्या बंगालात शेतकरी निळीविरुद्ध उठले होते. रयतेने आपल्या जमिनीच्या ठरावीक भागात नीळ लावायची, भाव मळेवाल्याने ठरवायचा, आगाऊ रकमेच्या फासातून पिढ्यान्‌पिढ्या सुटका नाही. चंपारणात हीच तीनकठिया पद्धत १९१७ ला गांधीजी येईपर्यंत चालू होती.

मुलाने संपत्ती दान केली याचं कौतुक सगळे करतात. मीही करते. पण ती संपत्ती मुळात कोणाच्या घामाची होती, हे त्याच वाक्यात यायला हवं.

---

पेन्शनर_पुणेकर

गंगाकिनारी, फार मोलाचा प्रतिसाद. निळीच्या जुन्या कोठ्यांचे अवशेष तुमच्याकडे अजून दिसतात का?

---

गंगाकिनारी

हो काका. गावोगाव ‘कोठी’ शेवटी असलेली नावं आहेत. विटांचे हौद काही ठिकाणी दिसतात, झाडीत गेलेले. उटीला जाण्याआधी स्टड स्वतः तिरहूतच्या मळेवाल्यांमध्ये काही महिने प्रवचनं करत होता. वडिलांच्या जुन्या मुलखाचं आपण देणं लागतो असं त्याला वाटत असे. पण तो बोलला ते मळेवाल्यांशी. रयतेशी नाही. माझं दुखणं तिथेच आहे.

---

नगरकर_अण्णा

दानाचा हिशेब मी सांगतो, कारण त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो.

मृत्युपत्राप्रमाणे स्टडला पंचविसाव्या वर्षी वाटा मिळाला, साधारण २९,००० पौंड. १३ जानेवारी १८८७ रोजी चीनमधून त्याने पाच-पाच हजारांचे चार आणि एकेक हजाराचे पाच धनादेश पाठवले. पाच हजार मूडींना, पाच हजार ब्रिस्टलला अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरना, पाच हजार लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या गरिबांच्या कामाला, आणि चौथे पाच हजार भारतातल्या मुक्तिफौजेला, म्हणजे साल्व्हेशन आर्मीला, बूथ-टकरच्या नावे.

हा फ्रेडरिक टकर आधी आयसीएस अधिकारी. राजीनामा देऊन सप्टेंबर १८८२ मध्ये तीन सोबत्यांसह मुंबईत उतरला. भगवी वस्त्रं, अनवाणी पाय, भिक्षेवर जेवण, फकीर सिंग हे नाव. मुंबईच्या रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून सरकारने पकडलं आणि तुरुंगात टाकलं. गोऱ्या माणसाने नेटिवांसारखं राहणं हेच गोऱ्या सरकारला सोसेना. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन त्याच्या बाजूने उभे राहिले होते.

आमच्या नगरला मुक्तिफौजेचं ईव्हँजलीन बूथ रुग्णालय आहे. ते फार नंतरचं, स्टडच्या पैशाशी त्याचा संबंध जोडत नाही. पण माझी आई तिथल्या परिचारिकांबद्दल जे बोलायची ते ऐकत मी वाढलो, त्यामुळे या विषयावर मी कोरडेपणाने लिहू शकत नाही.

गंगाकिनारीताई, निळीचा पैसा अंशतः तरी हिंदुस्थानात परत आला, एवढं माझ्याकडून नोंदवतो.

---

गंगाकिनारी

अण्णा, नोंद घेतली. तिरहूतला मात्र नाही आला.

---

तर्कट

धाग्याचा सूर फार भारावलेला आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. परक्या देशात जाऊन तिथल्या लोकांना त्यांचा धर्म खोटा आहे असं सांगणं, हे मुळात मला पटत नाही. आणि ते तोफांच्या मागोमाग घडलं. धर्मप्रचारकांना चीनच्या आतल्या भागात फिरता येऊ लागलं ते दुसऱ्या अफू युद्धानंतर लादलेल्या तहांमुळे. स्टडचा त्याग खरा असेल, पण तो ज्या रस्त्याने गेला तो रस्ता बंदुकीने मोकळा केलेला होता.

---

डॉक्टर_कोकणी

@तर्कट, तहाचा मुद्दा खरा आहे. त्यात एक गुंता घालतो. शांशी प्रांतात स्टड आणि त्याची बायको प्रिसिला यांनी बरीच वर्षं चालवलं ते अफूचं व्यसन सोडवण्याचं केंद्र. बंगालची अफू कलकत्त्याहून जायची आणि माळव्याची मुंबईहून. आपल्या मुंबईची कितीतरी जुनी घराणी, गोदामं आणि देणग्या त्या व्यापारावर उभ्या आहेत. १८८५ पर्यंत शांशीत स्थानिक अफूच अमाप पिकत होती, त्यामुळे तिथल्या प्रत्येक रुग्णाचं पाप मुंबईच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण चीनला ही चटक मोठ्या प्रमाणावर लागली ती आपल्या बंदरांतून गेलेल्या मालाने.

व्यसनमुक्तीच्या कामात मी उमेदीची वर्षं घातली आहेत. अफू सोडवताना माणूस तडफडतो, रात्र रात्र कोणी तरी शेजारी बसावं लागतं. आज औषधं आहेत, तेव्हा फारसं काही नव्हतं. ते काम करणाऱ्या माणसाला मी केवळ धर्मप्रचारक म्हणून मोजू शकत नाही.

---

तर्कट

डॉक्टर, ते काम मोठं आहे, मान्य. माझा आक्षेप त्याला जोडून येणाऱ्या अटीला आहे, आणि तो कायम आहे.

---

माहेरवाशीण

इतके प्रतिसाद झाले आणि प्रिसिलाचं नाव एकदाच आलं, तेही ‘आणि त्याची बायको’ म्हणून.

प्रिसिला स्टुअर्ट आयर्लंडची, लग्नाआधीच स्वतःच्या हिमतीवर चीनला आलेली. १८८८ ला लग्न झालं. वाटून उरलेले ३,४०० पौंड स्टडने तिला दिले, तर तिने तेही देऊन टाकायला लावले. चार मुली जगल्या, मुलगे तान्हेपणीच गेले. १८९४ ला परतले ते तब्येती ढासळलेल्या अवस्थेत. १९०० ते १९०६ उटीच्या युनियन चर्चची जबाबदारी. तिथली वर्षं त्यातल्या त्यात सुखाची असावीत.

मग १९१३ मध्ये नवरा काँगोत गेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, दमा घेऊन, घरच्यांचा आणि डॉक्टरांचा विरोध डावलून. मध्ये एकदा इंग्लंडला आला, आणि १९१६ ला गेला तो पुन्हा परतलाच नाही. प्रिसिला हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेली होती. त्यातून ती उठली आणि लंडनमधून सगळं मिशन तिने चालवलं: पैसे उभे करणं, माणसं निवडणं, पत्रव्यवहार, दौरे. बारा वर्षांनी, १९२८ ला, ती काँगोत नवऱ्याला भेटली. जेमतेम दोन आठवडे. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये वारली.

त्याग कोणी केला हा प्रश्न विचाराल तर मी दोन नावं लिहीन, आणि पहिलं प्रिसिलाचं लिहीन.

---

नीलांबरी

माहेरवाशीण, +१. मनातलं लिहिलंत.

यात आणखी भर. काँगोतला शेवटचा काळ फार कडवट होता. स्टड स्वतः दिवसाला अठरा-अठरा तास राबायचा आणि सोबत्यांकडून तेच मागायचा. ज्यांना जमेना त्यांना परत पाठवायचा, स्वतःच्या मुली-जावयांनाही त्याने सोडलं नाही. आजारपणात मॉर्फिनची सवय लागली. लंडनच्या समितीशी इतकं फाटलं की त्यांनी त्यालाच त्याच्या मिशनमधून दूर केलं. जावई नॉर्मन ग्रबने पुढे चरित्र लिहिलं आणि त्यातून पराक्रमी, निर्भय स्टड लोकांच्या मनात ठसला.

---

डॉक्टर_कोकणी

ज्याने शांशीत अफूबाजांच्या उशाशी रात्री काढल्या, तोच शेवटी अफूपासून काढलेल्या औषधाच्या आधारावर. दमा, पित्ताशयाचे खडे, सततचा ताप, आणि जवळ दुसरं औषध नाही. मी त्याला दोष देत नाही. अशा वेदना मी पाहिल्या आहेत.

---

सह्याद्रीचा_वारा

अवांतर: आपल्याकडचा एक क्रिकेटर-पाद्री कोणालाच आठवला नाही? जॉन ग्लेनी ग्रेग, ‘जंगली’ ग्रेग! विद्यापीठवाला नाही, लष्करातला. जन्म महूचा. पुणे आणि मुंबईत युरोपियन संघाचा सर्वांत भरवशाचा फलंदाज, तिकडे इंग्लंडात हॅम्पशरकडूनही खेळला.

पुणे जिमखान्यावर सरावाला तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि पालवणकर बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे, असा ठराव होता असं सांगतात. बाळू तिथे खेळपट्टीची देखभाल करायचे, जाळं लावायचे, आणि गोऱ्यांना चेंडू टाकायचे. फलंदाजीची संधी त्यांना कोणी दिली नाही. बाळूंची डावखुरी फिरकी घोटून घोटून पक्की झाली ती या तासांत, आणि पुढे तेच हिंदू संघाचे पहिल्या दर्जाचे गोलंदाज झाले.

तर हे ग्रेगसाहेब म्हातारपणी इंग्लंडला जाऊन रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले. साठी उलटल्यावर दीक्षा!

---

जुना_स्कोअरर

क्या बात है. ग्रेगला इथे आणल्याबद्दल आभार. पण बाळूंचं श्रेय आठ आण्यांना देऊ नका. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पालवणकर बाळूंनी शंभरावर बळी घेतले, ते ग्रेगने शिकवलं म्हणून नव्हे. चांभार म्हणून ज्यांना पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या कपात चहा दिला जाई, त्या माणसाची ती कमाई आहे.

---

सह्याद्रीचा_वारा

शंभर टक्के सहमत. कमाई बाळूंचीच.

---

पेन्शनर_पुणेकर

मूळ प्रश्न बाजूला पडतोय. स्टडने क्रिकेट सोडलं ते योग्य का?

माझं उत्तर त्याच्याच घरात आहे. थोरला भाऊ कायनॅस्टन. तोही मूडींच्याच प्रभावातला, तोही तितकाच श्रद्धाळू. पण तो लंडनला राहिला. रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये कामगार वर्गातल्या तरुणांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, तिचा अध्यक्ष झाला. १९२८ ला लंडनचा लॉर्ड मेयर, १९३० ला एमसीसीचा अध्यक्ष. चार्ल्स काँगोत तापाने फणफणत होता त्याच सुमारास थोरला मॅन्शन हाउसमध्ये, म्हणजे लॉर्ड मेयरच्या सरकारी निवासात होता. श्रद्धा तीच, घर तेच, खेळ तोच. म्हणजे क्रिकेट आणि सेवा एकत्र नांदू शकतात. हजारो तरुण हाताला हुन्नर घेऊन त्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडले. मला थोरल्याचा मार्ग जास्त मोठा वाटतो.

---

मैदानकर

पुणेकरकाका, इथे मी तुमच्याशी वाद घालणार.

कायनॅस्टनचं काम थोर आहेच. पण चार्ल्सचा पिंड मध्यम मार्गाचा नव्हता. ईटनला असताना तो खोलीत आरशासमोर बॅट सरळ येते की नाही हे तासन्‌तास घोटायचा. एकदा एक गोष्ट मनाने घेतली की दुसरी उरतच नसे. तो लंडनला राहिला असता तर अर्धा क्रिकेटपटू आणि अर्धा समाजसेवक झाला असता, आणि दोन्हीकडे गुदमरला असता. ज्या एकाग्रतेने त्याने दोन हंगाम हजार धावा आणि शंभर बळी काढले, तिनेच त्याला काँगोत नेलं आणि तिनेच समितीशी, मुलींशी तोडलं. नीलांबरीताईंनी आणि माहेरवाशीण यांनी जे लिहिलं ते या माणसाच्या हिशेबात धरायलाच हवं, आणि तरी मी म्हणेन की त्याने क्रिकेट सोडलं ते बरोबर केलं. प्रिसिलाला बारा वर्षं एकटं ठेवलं ते चूक. ही दोन वेगळी उत्तरं आहेत. एकासाठी दुसरं पुसू नये.

गंगाकिनारी, तिरहूतबद्दलचं तुमचं वाक्य डोक्यातून जात नाही. निळीबद्दल तुम्ही स्वतंत्र धागा काढाल का?

---

माहेरवाशीण

मैदानकर, दोन वेगळी उत्तरं हे पटलं.

---

तर्कट

मला अजूनही कायनॅस्टन बरा वाटतो. कोणाचा धर्म न बदलता लोकांना शिकवलं त्याने.

---

पेन्शनर_पुणेकर

तर्कट, पॉलिटेक्निकमध्येही बायबलचे वर्ग चालायचे हो. पण सुतारकाम शिकायला त्यांची सक्ती नव्हती, हे तुमच्या बाजूने.

---

गंगाकिनारी

काढते. हौदांचे फोटो काढून मग लिहीन. पावसाळा संपू द्या, तिकडे आत्ता वाटा नाहीत.

---

चौथा_चेंडू

आणि मैदानकर, तुम्ही बिशप कॅसल्सवर लिहा. त्यात श्रीनगरला शाळा चालवणारा टिंडेल-बिस्कोही घ्या. तोही केंब्रिजचा, बोट रेसमधला, आणि तो तर दीक्षित पाद्री होता. काश्मिरी पंडितांच्या मुलांना होडी वल्हवायला आणि फुटबॉलला पाय लावायला त्याने कसं राजी केलं, तेवढ्यावरच एक धागा होईल.